झरीच्या काकांचा खटखट्या कीबोर्ड

माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि आमच्या टायपिंग क्लासच्या मधोमध बसवा. कुठल्या कीबोर्डवर कोण बसलंय ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. खोटं वाटत असेल तर या डहाणूला. स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, खाली चिकूवाला बसतो, त्याच्या वरचा मजला. जिना चढताना डोकं सांभाळा, तिथे सगळ्यांनाच लागतं.

नकला करणं हा माझा शाळेपासूनचा उद्योग. मराठीच्या बाई, पीटीचे सर, मुख्याध्यापकांचं खोकणं, सगळं पाठ. त्यापायी छड्या खाल्ल्या आणि गॅदरिंगला टाळ्याही घेतल्या. बारावीनंतर या क्लासमध्ये शिकायला गेलो आणि पुढे तिथेच शिकवायला लागलो. माणसांच्या नकला करून कंटाळा आला तेव्हा कीबोर्डांच्या सुरू केल्या. हसू नका, कीबोर्डाची नक्कल जास्त अवघड. माणसाचं निदान तोंड तरी दिसतं.

क्लासचे मालक म्हणजे आमचे सर, घरचे गुजराती. मराठी फर्डं बोलतात, फक्त चिडले की गुजराती बाहेर येते. त्यांचा स्वतःचा कीबोर्ड क्लास उघडला तेव्हापासूनचा. एकेकाळी पांढरा होता, आता दुधाच्या चहाच्या रंगावर गेलाय. अक्षरं सगळी पुसली गेलीत. नवीन मुलांना सर मुद्दाम त्याच्यावरच बसवतात. बघायला काहीच नाही म्हटल्यावर मान वर राहते. त्याचा आवाज 'टॉक... टॉक', दुपारी शेजारी कुणीतरी खिळा ठोकत असल्यासारखा. बाकीचे चार काळे, चपटे, मऊ. त्यांचा आवाज 'पुच पुच', चिखलातून सपाता घालून चालल्यासारखा.

एक वायरलेस होता. त्याची बॅटरी बरोबर वाक्याच्या मधोमध जायची. सर म्हणायचे, "आ तो नेता जेवो छे, कामाच्या टायमाला गायब." आणि एक होता रबरी, गुंडाळून खिशात ठेवायचा. सरांच्या मेहुण्याने हौसेने आणून दिलेला, धुता यायचा म्हणून. ताज्या बोंबलासारखा लुळा. मी तो दोन्ही तळव्यांवर आडवा घेऊन क्लासभर फिरायचो आणि चिंचणीच्या मासेवालीच्या आवाजात ओरडायचो, "घे गो बाय, सकालचा हाय, डोले बघ त्याचे!" मुली खिदळायच्या. सर पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "दीकरा, ते पाठी ठेव, नाहीतर तुलाच विकीन."

तर अशा या क्लासमध्ये एका संध्याकाळी झरीचे काका आले.

काका तलासरीच्या एका सरकारी ऑफिसात शिपाई. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. ऑफिस सुटलं की शेअर जीपने डहाणूला यायचे, तासभर टायपिंग करायचे आणि परत झरीला जायचे. खात्यात क्लार्कच्या जागा निघाल्या होत्या. शिपायाने मराठी टायपिंगची परीक्षा दिली, मिनिटाला तीस शब्द काढले, की त्याचं नाव बढतीच्या यादीत. काकांना ही शेवटचीच संधी होती. पुढच्या यादीपर्यंत त्यांचं वय बसणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "काका, मी शिकवणार तुम्हाला."

त्यांनी मला खालून वर बघितलं. "तू? मिशी तरी पूर्ण येऊ दे."

तेव्हापासून ते मला मास्तर म्हणायला लागले. मास्तर म्हणताना आवाजात एक खोच असायची, ती मी लगेच उचलली आणि घरी आईला करून दाखवली.

काकांना टाइप येत होतं, हीच गंमत. ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये एक जुना लोखंडी टाइपरायटर पडलेला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याच्यावर बसून बसून ते एकटेच शिकले होते. बोटांना जागा बरोबर माहीत. कॉम्प्युटरवर मराठीचा तोच जुना टाइपरायटरवाला लेआउट मिळतो, त्यामुळे ती पण अडचण नव्हती. पण आमच्या पुच पुच कीबोर्डावर बसले आणि स्क्रीनवर उमटलं, 'ननममनन ककरर'.

"काका, एकच वेळा दाबा."

"एकदाच दाबलं."

"दोनदा दाबलं. मी ऐकलं."

"तू ऐकलं ना? मला नाय ऐकू आलं. म्हणून परत दाबलं."

मग कळलं. टाइपरायटरवर 'खट' झालं की अक्षर पडलं. काकांच्या बोटांनी ही गोष्ट इतकी वर्षं मनाशी धरून ठेवली होती. आवाज नाही म्हणजे अक्षर नाही, म्हणून बोट परत खाली. मी समजावलं, सरांनी समजावलं. सरांच्या टॉक टॉकवर बसवून बघितलं, तर त्याचा आवाज बोट उचलल्यावर यायचा, तोवर यांचं बोट परत खाली. काका मान डोलवायचे आणि परत 'ननममनन'.

आता माझा आगाऊपणा सांगतो. सगळ्या ऑफिसांत साहेबाची बेल एकसारखीच वाजते. ती मला येत होती. घसा आवळून, जीभ टाळ्याला लावून, 'टर्रर्र'. एके दिवशी काका मन लावून टाइप करत होते, मी मागून वाजवली. काका उभे. खुर्ची सरकवून, हात पुसत, सरळ दाराकडे. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की हे डहाणू आहे. सगळा क्लास हसला. काका पण हसले. दुसऱ्या दिवशी परत वाजवली, परत उभे. तिसऱ्या दिवशी पण. मला तर खेळणंच सापडलं.

चौथ्या दिवशी बेल वाजवल्यावर काका उठले आणि तसेच परत बसले. क्लासमधली पोरं गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, एक सांगू? लोकांना वाटतं मला क्लार्क व्हायचं ते टेबलासाठी. टेबल घेऊन काय करू? बेल वाजली की उठायचं नाय, एवढंच मला पायजे. बावीस वर्षं उठतो. घरी शेजारच्याची सायकल वाजली तरी उठतो. बायको हसते."

एकही विनोद न करता मी एकेक कॉम्प्युटर बंद केला. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही. त्या दिवसापासून बेल बंद. आणि डोक्यात एकच, काकांना खट वाजणारा कीबोर्ड मिळवून द्यायचा.

परीक्षेच्या पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की उमेदवाराने स्वतःचा वायरवाला कीबोर्ड आणल्यास हरकत नाही. मी ती ओळ काकांना तीनदा वाचून दाखवली, मुख्याध्यापकांच्या आवाजात. रविवारी आम्ही माझ्या बाइकवर वापीला गेलो. आमच्याकडे चांगलं काही घ्यायचं म्हटलं की गुजरातची बॉर्डर ओलांडून वापीलाच जातात, मग तो फ्रिज असो की लग्नाची साडी.

दुकानात भिंतभर कीबोर्ड. काकांनी डोळे मिटले आणि एकेक वाजवायला सुरुवात केली. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं. एक वाजवला, मान हलवली. दुसरा वाजवला, तोंड वाकडं केलं. लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा तर झोपलाय." शेवटी कोपऱ्यातल्या एकावर हात पडला आणि खाड खाड खाड! बंदरावर बोटीत भरायला बर्फ फोडतात, तो आवाज. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. काकांनी डोळे उघडले. "हा बोलतो."

तो होता गेम खेळणाऱ्या पोरांचा मेकॅनिकल कीबोर्ड. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग, दाबलं की कडक 'खट'. खालून लाल, निळे, हिरवे दिवे, गणपतीच्या डेकोरेशनसारखे. दुकानदाराने काकांचे पिकलेले केस बघितले आणि विचारलं, "काका, गेम रमवा माटे? खेळायला?"

"नाय," काका म्हणाले, "बढतीसाठी."

त्या कीबोर्डावर काकांनी पहिल्याच संध्याकाळी अठ्ठावीस शब्द काढले. एक अक्षर दोनदा नाही. आठवड्यात तेहतीस. शेजारच्या टेबलावरची मुलगी कानात बोटं घालून बसायची. सर म्हणाले, "क्लास छे के कारखानो?" पण तेही खूश होते.

परीक्षा बरोबर दसऱ्यानंतर एक दिवस सोडून. दसऱ्याला आमच्या क्लासमध्ये कीबोर्डांची पूजा असते. सगळे एका सतरंजीवर मांडायचे, झेंडूची फुलं, हळदकुंकू, अक्षता. मग दिवसभर कुणी हात लावायचा नाही, त्यांना सुट्टी. सर हुशार, पूजेआधी प्रत्येक कीबोर्डाला प्लास्टिक गुंडाळतात. ही गोष्ट मला माहीत होती. आदल्या दिवशी मी काकांना पूजेबद्दल सांगितलं, तेव्हा नेमकी हीच सांगायची राहिली. त्या ऐवजी मी काय केलं? भटजींचा आवाज काढला. नाकातून. "नवीन यंत्र आहे यजमान! नवीन गाडीला जे जे करतो ते ते सगळं करायचं! नारळ, तीर्थ, काही राहता कामा नये! नाहीतर यंत्र रुसतं!"

काका पोट धरून हसले आणि कीबोर्ड पिशवीत घालून घरी घेऊन गेले.

दसऱ्याच्या संध्याकाळी फोन. "मास्तर, हा बोलायचा बंद झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा लॅपटॉप आणि क्लासचा एक पुच पुच कीबोर्ड घेऊन मी झरीला पोचलो. कीबोर्ड ओसरीवर पाटावर ठेवलेला. त्याच्यावर कुंकू, हळद, तांदूळ आणि मुंग्यांची मिरवणूक. काकी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"नवी मोटरसायकल आणली तेव्हा पण नारळाचं पाणी शिंपडलं होतं," त्या म्हणाल्या. "ती अजून चालते."

"काकी, मोटरसायकल बाहेरून भिजली तर चालतं."

"मग मला काय माहीत हा किती नाजूक? दिसायला तर धट्टाकट्टा. आणि तुमचे भटजीच म्हणाले ना, काय राहता कामा नये?"

"कोण भटजी?" मी विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते. ओठ मिटलेले, पण डोळ्यांत हसू. "सांग तिला, मास्तर. कोण भटजी ते."

मी नाकातून दोन शब्द काढून दाखवले. काकींनी ऐकलं, काकांकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "हात दे इकडे." मला वाटलं आता पडते. त्यांनी हातात सूप दिलं. "काढ त्याचे दात आणि वाळव."

मी एकेक बटण उपटून सुपात ठेवलं. आत नारळपाण्याचा चिकटा, स्पेसबारच्या खाली चार तांदूळ. सगळं पुसलं, सूप उन्हात ठेवलं, मिरच्यांच्या शेजारी. दसऱ्यानंतरचं ऊन कडक असतं, पण आतलं पाणी एका दिवसात जाईना. लॅपटॉपला लावून बघितला, दिवे लागले, अक्षर एक नाही. तेवढ्यात एक कोंबडी आली, सुपातलं एक बटण चोचीत घेतलं आणि पळाली. मी कुंपणापर्यंत मागे धावलो. बाकीची बटणं मोजून जागेवर लावली तेव्हा कळलं, एस्केप गेलं.

वापीच्या दुकानदाराला फोन केला, तर तो कुटुंबाला घेऊन गावी गेलेला. बाकीच्या दुकानांत विचारलं, असला वाजणारा आता कुणाकडे नव्हता. परीक्षा उद्या सकाळी, पालघरला. काकांनी पुच पुच कीबोर्ड समोर ओढला. 'ममाानन...' हात मांडीवर ठेवून बसले. मला त्यांनी एक शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

मी त्यांच्या मागे जाऊन बसलो. "काका, परत टाइप करा. थांबू नका."

त्यांनी पहिलं बटण दाबलं आणि मी तोंडाने म्हटलं, "खट."

बोट खाली जाऊन परत आलं नाही, पुढच्या अक्षरावर गेलं. "खट." पुढचं. "खट. खट खट. खट." त्यांच्या बोटांवर डोळे रोखून मी वाजवत राहिलो. अक्षराला खट, स्पेसबारला जरा जाड 'ठप', एंटरला 'खटाक'. अर्धं पान झालं, एकही अक्षर दुप्पट नाही. काकी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"कीबोर्ड चाललाय," काका म्हणाले. मान वर न करता.

दुपारपर्यंत माझी जीभ सुजली. मध्ये मी हळूच आवाज बारीक करत नेला, म्हटलं यांना कळणार नाही. लगेच 'ररसस'. "मास्तर, बॅटरी गेली काय?"

"काका, उद्या मला आत सोडणार नाहीत," मी म्हटलं. "आता तुम्हीच वाजवा."

"मला कुठे येतं तुझ्यासारखं?"

"जीभ इथे लावा, दाताच्या मागे. सोडा."

काकांनी लावली, सोडली. "ट्च!" गोठ्यातून बकरी आली आणि समोर उभी राहिली. तिला त्याच आवाजाने बोलवायची सवय. मी तिला हाकललं. "ट्च!" परत हजर. काकी हसून हसून पायरीवर बसल्या. "तिला पण परीक्षेला न्या, कंपनी होईल!"

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नकला केल्या. माझी नक्कल करायला मी पहिल्यांदाच कुणाला शिकवत होतो, आणि सांगतो, फार राग येतो. "तसं नाही काका. 'ख' घशातून. 'ट' कडक." "असं?" "नाही, हे तर म्हातारं कुलूप झालं." दिवस मावळायच्या आत काकांना जमलं. बकरी पण यायची थांबली, तेव्हा खात्री पटली. शेवटच्या पानाला त्यांनी तोंड मिटून, जीभ आतल्या आत वाजवून एकतीस शब्द काढले.

पालघरला मी हॉलच्या बाहेर नळाजवळ उभा होतो. आत काय झालं ते काकांनी नंतर सांगितलं. सगळा हॉल पुच पुच करत होता आणि त्यात यांचं 'खट खट'. सुपरवायझर बाई रांगेतून फिरत आल्या.

"कोण आवाज करतंय?"

काका टाइप करायचे थांबले नाहीत. "मॅडम, दातात सुपारी अडकली."

"मग काढा."

"पेपर झाल्यावर काढतो. आता दोन्ही हात कामात हायत."

बाई पुढे गेल्या. काकांनी जीभ आणखी आत घेतली.

रिझल्ट लागला तेव्हा काकांनी मला फोन केला. नुसतं तोंडाने वाजवलं, 'खट खट खट खट'. शेवटी 'खटाक'. मी पण एंटर मारला आणि ठेवला.

मध्ये काही महिने गेले, ऑर्डर निघायला वेळ लागतो. तो मेकॅनिकल कीबोर्ड पंधरा दिवस उन्हात राहून जिवंत झाला, एस्केपच्या जागी अजून खड्डा आहे. एके दुपारी मी तलासरीला गेलो, त्यांचं टेबल बघायला. बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. खिडकीतून बघितलं. काका ताठ बसलेले, समोर लाल-निळे-हिरवे दिवे, शेजारच्या क्लार्कबाईंच्या कानात कापूस.

बेल वाजवायला मी आलो नव्हतो, आईशप्पथ. पण दार समोर होतं, घसा माझ्याजवळच होता. मी दाराआड लपलो आणि वाजवली, 'टर्रर्र'.

खाड खाड बंद. खुर्ची सरकल्याचा आवाज. काका अर्धे उठले होते, एक हात टेबलावर. मग त्यांना दाराखालून माझ्या चपला दिसल्या.

"मास्तर," ते म्हणाले, "लपू नको. परत वाजव."

मी वाजवली. काका खुर्चीत थोडे हलले.

"परत."

तिसऱ्यांदा वाजवली. क्लार्कबाईंनी कानातला कापूस काढून बघितलं. काका बसलेले होते. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही हात कीबोर्डावर. आत केबिनमध्ये साहेबांची खरी बेल वाजली, ती दुसऱ्याच कुणासाठी तरी होती. काका हलले नाहीत.

"आता बरोबर वाजली," म्हणाले आणि पुढचं अक्षर दाबलं. खट.